हलव्याचा नारळ आणि आमचा नवा फ्रिज

बायकोचा धंदा सुरू होण्याआधीच बुडवण्याचा मान आमच्या बिल्डिंगमध्ये मला एकट्याला मिळालेला आहे. बाकीच्या नवऱ्यांनीही आपापल्या परीने प्रयत्न केले असतील, नाही म्हणत नाही; पण त्यांच्या बायकांनी त्यांना वेळीच घराबाहेर पाठवलं. नंदाने मला घरात ठेवलं, ही तिची चूक. (हे वाक्य तिच्या वाचनात आलं तर मी ते मागे घेईन.)

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. डोंबिवली पूर्वेला आमच्या दोन खोल्या होत्या, आणि त्यात मी, नंदा आणि माझी आई. मी एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर्सला होतो. म्हणजे रंगाचे डबे कुठे ठेवायचे हे ठरवायचं, आणि ते तिथे का नाहीत हे साहेबांना सांगायचं. पण संध्याकाळी कल्याणला जाऊन मी मॅनेजमेंटचा एक कोर्स केलेला होता, आणि तेव्हापासून मला जिकडेतिकडे गैरव्यवस्थापन दिसायला लागलं होतं. आईच्या मिसळणाच्या डब्यातसुद्धा! मोहरी आणि जिरं शेजारीशेजारी ठेवण्यातला धोका मी तिला एकदा समजावून सांगितला. तिने त्या दिवशी मला फोडणीशिवाय आमटी वाढली.

नंदाच्या हातात मात्र खरी कला होती. संक्रांतीचा हलवा तिच्यासारखा कुणाला जमत नसे. हलवा करायचा म्हणजे परातीत तीळ किंवा साबुदाणा घ्यायचा, परात मंद शेगडीवर ठेवायची आणि चमचा-चमचा साखरेचा पाक घालत बोटांनी हलवत बसायचं. दिवसच्या दिवस! बोटं पोळतात, पाठीचा काटा ढिला होतो, आणि तेव्हा कुठे त्या दाण्यांवर साखरेचा काटा उभा राहतो. मग ते दाणे दोऱ्यात गुंफून दागिने करायचे. नव्या नवरीला पहिल्या संक्रांतीला मंगळसूत्र, बाजूबंद, नथ, कंबरपट्टा. जावयाला हार, आणि हातात हलव्याने मढवलेला नारळ. काळ्या साडीवर ते पांढरेशुभ्र दागिने घातलेली मुलगी बघितली की सोनं फिकं वाटतं.

तर नंदा हे सगळं करायची आणि आमचे नातेवाईक ते सगळं न्यायचे. फुकट. डिसेंबर लागला की कल्याणच्या माझ्या मावश्यांना आमची आठवण यायची. "नंदा, तुझ्या हाताला काय काटा येतो गं!" असं म्हणत पिशवी पुढे करायच्या. नंदाने साखरेचं नाव काढायच्या आत "पैसे कसले, घरचंच तर आहे!" एका मावशीने एकदा ब्लाउजपीस दिला होता. त्यात ब्लाउज बसत नव्हता. शेवटी आईने त्याची समईखालची घडी केली.

अशात एका रविवारी ठाण्याच्या प्रधानबाई आमच्याकडे आल्या. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या, उंच, चष्म्यावरून बघणाऱ्या. ओळख ना देख. कुठल्याशा हळदीकुंकवाला नंदाचे दागिने बघून पत्ता शोधत आलेल्या. लेकीचा पहिला संक्रांतसण होता, लेक-जावई ठाण्याला येणार होते, आणि त्यांना दोघांचा पूर्ण सेट हवा होता.

"काय घ्याल?" प्रधानबाईंनी विचारलं.

"चहा घ्या ना," नंदा म्हणाली.

"चहा मी घेईन. तुम्ही काय घ्याल? सेटचे?"

"छे छे! पैसे कसले? तुम्ही इतक्या लांबून आलात..."

प्रधानबाई उठल्याच. "मग मी दुसरीकडे बघते. फुकटच्या कामात तक्रार करता येत नाही हो. मला तक्रार करायला आवडतं."

नंदाने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, शेवटी भिंतीवरच्या गणपतीकडे पाहिलं आणि आकडा सांगितला. इतक्या हळू, की शेजारी बसलेल्या मलाही तो ऐकू आला नाही. प्रधानबाईंना मात्र आला. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि चहा पिऊन गेल्या.

दार लागल्यावर नंदा मटकन खाली बसली. "अहो, मी पैसे सांगितले!"

"किती सांगितलेस?"

"ते सोडा हो. मी सांगितले! आणि त्या हो म्हणाल्या!"

तिचा चेहरा असा फुललेला मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. (लग्नात तिच्या शेजारी मी होतो, हेही कारण असेल.) दुसऱ्या दिवशी सकाळी ती आरशासमोर उभी राहून पदर सारखा करत स्वतःलाच सांगत होती, "आमच्याकडे पूर्ण सेटचे असे-असे पडतात." मग जरा मोठ्याने, "कमी नाही होणार हं!" मी दाराआडून ऐकत होतो. मला हसू आलं.

आईला हे पसंत नव्हतं. "आपल्यात हलवा विकत नाहीत. लोकांना वाटेल वसंताची नोकरी गेली."

"नाही वाटणार, आई," नंदा म्हणाली. "आणि एवढी एक ऑर्डर नीट पार पडली ना, की मी दाराला पाटी लावणार आहे. बिघडली, तर तुम्हाला काही बोलावंच लागणार नाही. परत कुणापुढे तोंड उघडून पैसे सांगायची माझीच हिंमत होणार नाही."

हे ती सहज बोलली, पण ते खरं होतं हे मला कळलं. म्हणून मी ठरवलं की हिला मदत करायची. सगळं तिथून बिघडलं.

माझी मदत पहिले काही दिवस तोंडी होती. मी उत्पादनाचा तक्ता काढला. नंदाने त्यावर साबुदाणा निवडला. मी सुचवलं की पाक चमच्याने घालण्याऐवजी आमच्या कारखान्यातला रंग फवारायचा पंप आणून बघू. "आणूनच बघा!" नंदा म्हणाली, आणि तिच्या हातात उलथनं होतं. त्या वर्षी थंडीही म्हणावी तशी पडली नव्हती. "थंडी असली की काटा चांगला येतो," असं नंदा सारखी म्हणायची. हे वाक्य मी डोक्यात पक्कं ठेवलं. माझ्या डोक्यात गोष्टी क्वचित राहतात, ही राहिली.

अखेर गुरुवारी संध्याकाळी सेट पूर्ण झाला. शनिवारी दुपारी प्रधानबाईंकडे हळदीकुंकू होतं. नंदाने सगळे दागिने टेबलावर काळ्या कापडावर मांडले आणि मधोमध नारळ ठेवला. शेजारच्या राणेवहिनी बघायला आल्या. त्या मूळच्या मालवणच्या, आवाज खणखणीत. "अगो बाय माझे! ह्यां तर मोत्यांचां वाटता!" म्हणाल्या आणि नंदाची अलाबला घेतली. आईसुद्धा दोनदा येऊन पाहून गेली.

शुक्रवारी सकाळी नंदा राणेवहिनींबरोबर बाजारात निघाली. खोका आणि सोनेरी कागद आणायचा होता. टेबलाच्या पायांखाली तिने मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या ठेवल्या होत्या. मला शुक्रवारची सुट्टी होती. चपला घालता घालता ती म्हणाली, "अहो, याला हात लावायचा नाही. काही सुचलं तर आधी आईंना विचारा. काही नाही सुचलं तर उत्तम."

मी पेपर उघडला. तेवढ्यात मला ती मुंगी दिसली.

एकटीच होती. भिंतीवरून कॅलेंडरवर आली, कॅलेंडरच्या खालच्या कोपऱ्याला पोचली, आणि तो कोपरा थेट टेबलाला टेकलेला होता! पाण्याच्या वाट्या काय करणार? मी तिला फुंकर मारली. तिच्या मागे दुसरी. दुसरीच्या मागे त्यांचं सगळं गाव. कॅलेंडर काढून ठेवणं हा एक उपाय होता, तो मला आत्ता लिहिताना सुचला. तेव्हा माझी नजर फ्रिजवर गेली.

हा फ्रिज आम्ही त्या दिवाळीत हप्त्यांवर घेतला होता. आमच्या मजल्यावरचा पहिला! त्यामुळे तो बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा, वर क्रोशाचं कव्हर आणि प्लॅस्टिकची फुलं अशा थाटात उभा होता. मजल्यावरच्या सगळ्यांचं काही ना काही त्यात असायचं. आईने तर मोठ्या मनाने खालचा खण राणेवहिनींच्या माशांना दिला होता. (तो खण ती नाक दाबून पुसायची, पण पुसायची.)

"आई," मी म्हटलं, "दागिने फ्रिजमध्ये ठेवतो."

"फ्रिजात कोथिंबीर ठेवतात रे. दागिने कोण ठेवतं?"

"मुंग्या लागणार नाहीत. आणि शिवाय थंडी! थंडीत काटा चांगला येतो की नाही? उलट आणखी येईल!"

आईने फ्रिजकडे एकदा बघितलं. "शिकलेला आहेस, तुला कळत असेल," ती म्हणाली. हे वाक्य ती आयुष्यात एकदाच बोलली, आणि नेमकं चुकीच्या दिवशी.

मी कामाला लागलो. कोथिंबीर बाहेर, दूध बाहेर. मधल्या खणात कंबरपट्टा, मंगळसूत्र, बाजूबंद. सगळ्यात वर, बर्फाच्या कप्प्याच्या बरोबर खाली, नारळ. राणेवहिनींचे बांगडे खालच्या खणात होते. दागिन्यांच्या खाली बांगडे बरे दिसणार नाहीत, म्हणून मी ते वर बर्फात सरकवले. सगळं कसं शास्त्रशुद्ध! दार लावलं आणि पेपर घेऊन समाधानाने आडवा झालो.

आता, मला शुक्रवारची सुट्टी का असायची? कारण शुक्रवारी आमच्याकडची वीज बंद असायची म्हणून कारखाने बंद ठेवत. हे डोंबिवलीतल्या पाळण्यातल्या पोरालाही माहीत होतं. मी तर त्याच कारणाने घरी लोळत होतो!

पंखा थांबला तसा मी खिडकी उघडली. एवढंच केलं. पुन्हा पडलो, डोळा लागला, आणि जाग आली ती आईच्या हाकेने.

"वसंता, नळ नीट बंद कर. टपटप ऐकू येतंय."

"नळाचं पाणी गेलंय आई."

"मग हे काय टपटपतंय?"

फ्रिजखालून पाण्याचा एक ओहोळ निघून आईच्या पाटाच्या दिशेने चालला होता. मी दार उघडलं. बर्फ वितळला होता. ते पाणी बांगड्यांना आंघोळ घालून नारळावर, नारळावरून मंगळसूत्रावर, मंगळसूत्रावरून कंबरपट्ट्यावर पडत होतं. नारळाचा काटा साफ झाला होता आणि एका बाजूने त्याला टक्कल पडलं होतं. आईने वास घेतला आणि पदर नाकाला लावला.

"अरे, हा जावयाच्या हातात द्यायचा नारळ!"

"प्रधान आहेत आई, माशाचं वावडं नसेल."

"ताटात नसेल! नारळाला कोण चालवून घेईल?"

मी म्हटलं, घाबरायचं नाही. मॅनेजमेंटमध्ये याला संकट म्हणत नाहीत, परिस्थिती म्हणतात. मी जमिनीवर सकाळचा पेपर पसरला, त्यावर दागिने मांडले, आणि आई सुपाने वारा घालायला बसली. जरा वेळाने कंबरपट्टा उचलून बघितला. तो कोरडा होत होता हे खरं. पण ओल्या साखरेने पेपरची शाई ओढून घेतली होती. कंबरपट्ट्यावर उलट्या अक्षरांत हवामानाचा अंदाज उमटला होता. आकाश निरभ्र राहणार होतं. जावयाच्या हारावर 'भाड्याने देणे आहे'!

"सूर्यप्रकाश!" मी ओरडलो, आणि परात घेऊन गच्चीवर धावलो.

निरभ्र आकाशाखाली दागिने मांडून मी घाम पुसतो न पुसतो, तोच एक कावळा आला. मी त्याला हाकललं. त्याने माझ्याकडे एकदा नीट बघितलं, मी काय दर्जाचा माणूस आहे ते ओळखलं आणि माझ्या पायाशी येऊन नथ उचलली.

"आई! नथ गेली!"

खालच्या खिडकीतून आईचा आवाज आला, "कुठे गेली?"

"समोरच्या अँटेनावर!"

नथ चोचीत धरून तो समोरच्या बिल्डिंगच्या टीव्हीच्या अँटेनावर जाऊन बसला होता. त्याला ती शोभत होती, हेही सांगतो. मी खिशातली शेंगदाण्याची पुडी उघडली आणि त्याला मऊ आवाजात बोलावू लागलो. "ये रे, ये. शहाणा ना तू? ती ठेव, हे घे." पितृपक्षात मी कुठल्या कावळ्याची इतकी मनधरणी केली नव्हती. मागे पाऊल वाजलं म्हणून वळलो, तर नंदा.

तिच्या हातात खोका होता आणि सोनेरी कागदाची गुंडाळी होती. मागे राणेवहिनी. नंदाने परात बघितली, कावळा बघितला, माझ्या हातातले शेंगदाणे बघितले. मी वाट बघत होतो की आता ही ओरडेल. ओरडली असती तर फार बरं झालं असतं.

ती खाली बसली आणि कंबरपट्ट्यावरून हळूच बोट फिरवलं.

"मी पैसे सांगायलाच नको होते," ती म्हणाली. "फुकट असतं तर म्हणता आलं असतं, गोड मानून घ्या. आता काय म्हणू?"

मी काहीतरी बोललो. प्रधानबाईंना मी सांगतो, मी माफी मागतो, चूक माझी आहे, असं. ती म्हणाली, "नको हो. पैसे मी सांगितले होते, मलाच जायला हवं," आणि उठून जिना उतरायला लागली. तिचे डोळे भरले होते, पण तिने ते पुसले नाहीत, दोन्ही हातांत सामान होतं म्हणून. मला आयुष्यात माझ्या मॅनेजमेंटची इतकी लाज कधी वाटली नाही. ती बोटं महिनाभर पोळलेली मी बघितली होती, त्यांना खोबरेल मीच लावून दिलं होतं, आणि तरी मला शहाणपण सुचलं होतं! राणेवहिनी जाता जाता मला म्हणाल्या, "भावजी, माझे बांगडे खंय आसत?" मी बोट वर केलं, मग खाली केलं. त्यांनी पुढे विचारलं नाही.

घरात आलो तर आई स्टुलावर चढलेली. माळ्यावरून तिने मोठा पत्र्याचा डबा ओढला. तो तिचा डबा होता. दर वर्षी नंदाने केलेल्या हलव्यातला निवडक, टपोऱ्या काट्याचा हलवा ती मावश्यांसाठी त्यात बाजूला काढून ठेवायची आणि रथसप्तमीच्या आत कल्याणला पोचवायची. त्यावर तिची माहेरी फार वट होती. तो डबा तिने नंदासमोर आदळला.

"हा घे."

"आई, हा मावशींचा..."

"उद्याच्या दुपारपर्यंत ओवून होईल का ते सांग."

"होईल, पण मावशींना काय सांगाल?"

"सांगेन, यंदापासून विकत." आईने पदर खोचला. "मीच त्यांना सवय लावली, मीच मोडेन. राणेवहिनी, बसा. वसंता, तू कशालाही हात लावू नकोस."

बाहेरच्या खोलीत सतरंजी पडली. नंदा मधे बसली, आणि मी जे पाहिलं ते आधी कधी पाहिलं नव्हतं. आमच्या घरात हलक्या आवाजात बोलणारी ही बाई हुकूम सोडत होती! "वहिनी, गाठ जवळ मारा. आई, मोठे दाणे नारळाला ठेवा, बारीक इकडे. नाही, तो नको, त्याचा काटा बसलाय." आणि आई, जिने सुनेच्या हातचं मीठ कधी बरोबर म्हटलं नव्हतं, "हा चालेल का गं?" असं एकेक दाणा दाखवून विचारत होती. नारळ नवा आणला, सोलून घासला, त्याला खळ लावून दाणे बसवायला घेतले. जुन्या नारळाकडे कोणी बघितलं नाही.

मी कोपऱ्यात हात मागे बांधून उभा होतो. मग मापासाठी माणूस लागला. नंदा म्हणाली, "अहो, इकडे बसा. हलू नका." माझ्या गळ्यात हार आला. तो ठीकच होता, जावयाचा होता. पण मग मंगळसूत्राची लांबीही बघायची निघाली. मग बाजूबंद. मग कंबरपट्टा, त्याच्या गाठी माझ्या कमरेवरच मारायच्या ठरल्या. नवी नथ वाळेपर्यंत कुठे अडकवायची हा प्रश्न आला तेव्हा राणेवहिनींनी माझ्या नाकाकडे पाहिलं. कावळ्यापासून वाचवायची तर तीच जागा बरी, असं आईचंही मत पडलं.

आणि दारात आवाज आला, "येऊ का?"

प्रधानबाई! डोंबिवलीत बहिणीकडे आल्या होत्या. म्हटलं, जाता जाता सेट बघून जावं. त्यांना दिसलं ते असं: सतरंजीवर तीन बायका, आणि मधे मंगळसूत्र, नथ आणि कंबरपट्टा ल्यालेला एक मिशाळ गृहस्थ. उठून नमस्कार करावा म्हटलं, तर नंदा ओरडली, "हलू नका, गाठ सुटेल!" मी बसल्या बसल्या मान लववली. नथ हलली.

प्रधानबाईंनी चष्मा वर सरकवला. "संक्रांतसण कुणाचा आहे?"

राणेवहिनी फस्सकन हसल्या. नंदा मात्र हसली नाही. ती उभी राहिली. मला वाटलं, आता ही सावरून घेईल, काहीतरी थाप मारेल. मी असतो तर मारली असती.

"बाई, पहिला सेट खराब झाला," ती म्हणाली. "आमच्याच चुकीने. हा नवीन करतोय. उद्या वेळेत मिळेल, पण हलवा थोडा कमी आहे. कंबरपट्ट्याला एक पदर कमी येईल. तेवढे पैसे कमी द्या."

या वेळी मला प्रत्येक शब्द ऐकू आला. आवाज जरा कापत होता, पण स्वच्छ होता.

प्रधानबाई वाकल्या. माझ्या गळ्यातल्या हाराचा एक दाणा त्यांनी बोटांत धरला, काट्यावर नख फिरवलं. मी श्वास रोखून धरला.

"कंबरपट्टा पदराखाली जातो, कोण बघतंय," त्या म्हणाल्या. "पैसे कमी करू नका. आज कमी केलेत, तर पुढच्या वर्षी मीच घासाघीस करीन. आणि पुढच्या वर्षी मी येणार आहे." मग बहुधा मला बरं वाटावं म्हणून त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "तुम्हाला काळा रंग खुलेल हो."

त्या गेल्यावर नंदा रडली. अगदी मनसोक्त. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत "पुरे गं, हलव्यावर पाणी पडेल," म्हणत होती आणि स्वतःही डोळे टिपत होती. मीही रडलो असतो, पण माझ्या नाकात नथ होती.

शनिवारी नंदा स्वतः सेट घेऊन ठाण्याला गेली. मला नेलं नाही. संध्याकाळी परतली ती प्रधानबाईंच्या भाचीच्या मुलाच्या बोरन्हाणाची ऑर्डर घेऊनच. पुढच्या आठवड्यात दाराला पाटी लागली, तिच्या नावाची. कल्याणच्या मावश्या वर्षभर रुसल्या, आणि मग हळूच विकत न्यायला लागल्या. तक्रारीही करायला लागल्या. नंदाला त्याचं फार कौतुक वाटायचं.

हा धंदा किती वाढेल याची मला कल्पना नव्हती. आधी राणेवहिनी आल्या, मग त्यांच्या ओळखीच्या दोघी, मग मागच्या चाळीतल्या बायका. संक्रांत झाली की लग्नातले रुखवत आणि पूजेची वस्त्रं, दिवाळीत कंदील. दर शनिवारी त्या बायका आपला पैसा हातात घेऊन, तो ब्लाउजमध्ये खोचून ताठ मानेने जिना उतरायच्या. मी कामावरून येताना कठड्याला टेकून त्यांना वाट करून द्यायचो.

नव्वदचं दशक संपता संपता आमचा रंगाचा कारखाना बंद पडला. एके दिवशी दुपारीच डबा न खाता घरी आलो. बाहेरच्या खोलीत बायका ओवायला बसल्या होत्या. नंदाने माझा चेहरा बघितला. नुसतं सरकून तिने सतरंजीवर जागा केली. मी बसलो. तेव्हा ध्यानात आलं, की गेली कित्येक वर्षं हे घर खरं तर त्या सतरंजीवरच चाललं होतं, आणि मी उगाच रोज रुबाबात डबा घेऊन निघत होतो. मला अजिबात वाईट वाटलं नाही. उलट, कुणीतरी पाठीमागे उशी सारावी तसं हायसं वाटलं.

"नंदा," मी म्हटलं, "मला घेतेस का तुझ्याकडे कामाला?"

सगळ्यांचे हात थांबले. तिने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, अगदी साहेब न्याहाळतात तसं.

"अनुभव?"

"आहे की! अगदी पहिल्या ऑर्डरपासूनचा!"

"तोच तर घोटाळा आहे," ती म्हणाली. "बरं, उद्यापासून या. पण आधी टेंपररी हं. काम बघून परमनंट करू."

त्याला आता बरीच वर्षं झाली. काम चालू आहे. मालकीणबाई अजून बघतायत.